सात वेळचा चहा

ताई, तुझं पाकीट आलं.

तुझं तेरावं होऊन बावीस दिवस झाले होते. मोखाड्याच्या पोस्टमनने मला फोन केला. सिस्टरांच्या नावाचं पार्सल आलंय, परत पाठवू की ठेवू, असं विचारलं. दर वर्षी हे पार्सल तुझ्या हातात देऊन तो ओट्यावर घटकाभर टेकायचा, त्यामुळे आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, ठेव, येतो. दुसऱ्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि जव्हारहून जीपने गेलो. खाकी खोकं, आत चंदेरी पाकीट, वर डॉक्टरांच्या अक्षरात तुझं नाव. शंभर ग्रॅम. वसंतातल्या पहिल्या तोडीचा चहा.

डॉक्टरांना कुणी कळवलंच नव्हतं. ते काम माझं होतं आणि माझ्याकडून राहून गेलं. त्या संध्याकाळी फोन केला. तुझ्या आरोग्य केंद्रात बंधपत्रावर आलेला तो कोवळा मुलगा, दोन वर्षं तुझ्या हातचं जेवला, मग सैन्यात गेला आणि दार्जिलिंगच्या पायथ्याला बदली झाल्यापासून तुला दर वसंतात चहा पाठवत राहिला. पाच वर्षांत पाच पाकिटं, हे सहावं. मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "तुम्ही प्या. फक्त दूध घालू नका."

मला हसू आलं. तूही हसली असतीस. कारण पहिल्या वर्षी आपण काय केलं ते त्यांना माहीत होतं.

पहिलं पाकीट आलं तेव्हा तू मला खास बोलावून घेतलंस. डॉक्टरांनी पाठवलेला म्हणजे काहीतरी भारी असणार, म्हणून तू गुळाऐवजी साखर काढलीस, आलं ठेचलंस, परसातला गवती चहा तोडून आणलास आणि म्हशीचं दूध घालून सात-आठ मिनिटं खळाखळा उकळलंस. आपण दोघांनी पहिला घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. तू म्हणालीस, कडकपणा नाही रे याला. मी म्हटलं, भुकटी दुप्पट घाल. तू दुप्पट घातलीस. तरी नाही. शेवटी तू घरची भुकटी एक चमचा त्यात टाकलीस, तेव्हा कुठे चहा प्यायल्यासारखं वाटलं. आणि ही सगळी हकीकत तू मोठ्या प्रेमाने डॉक्टरांना फोनवर सांगितलीस. ते काही बोलले नाहीत म्हणून तू दोनदा "हॅलो" म्हणालीस.

मग त्यांनी रीत सांगितली. पाणी उकळलं की खाली उतरवायचं, अर्धा मिनिट थांबायचं, पानं टाकायची, झाकण ठेवायचं, तीन मिनिटांनी गाळायचं. दूध नाही, साखर नाही. मी दुकानातून लहान तराजू घेऊन आलो होतो. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात अंदाज चालत नाहीत, हे तुझंच वाक्य. कपाला अडीच ग्रॅम, मी मोजून दिले. घड्याळ लावलं. कपात जो रंग उतरला तो पितळी वजन चिंचेने घासल्यावर दिसतो तसा होता. तू कप उजेडाकडे धरलास आणि म्हणालीस, तळ दिसतोय. हा काय चहा आहे?

पहिला घोट मला नुसत्या गरम पाण्यासारखा लागला. हे मी आजही नाकारत नाही. पण घोट घशाखाली उतरला आणि मग जिभेच्या कडांना किंचित तुरट, आणि त्या तुरटपणाच्या मागून एखादं फळ खाऊन बराच वेळ झाल्यावर तोंडात राहते तशी चव आली. दुसरा घोट आपण दोघांनी एकदमच घेतला. त्या दिवशी आपण पाऊण तास बसलो आणि घरातलं, नात्यातलं, कुणाच्या दुखण्याचं काहीही बोललो नाही. फक्त ती चव कुठल्या फळाची एवढंच बोललो.

मी म्हटलं, जाम. डहाणूकडून येतात ते पांढरे जाम. पाणीदार, हलके, गुलाबासारखा पुसट वास. तू म्हणालीस, मोह.

मोह हे फळ नाही, फूल आहे, असं मी म्हटलं. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं पाड्यावरच्या नव्या बापांकडे पाहायचीस. म्हणालीस, सकाळी झाडाखाली पडलेलं कधी उचलून खाल्लंयस? जव्हारच्या बाजारात वाळलेलं बघून मोह कळत नाही. तू चैत्रात लसीचा डबा खांद्याला लावून उजाडता निघायचीस, वाटेत मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाया तुझ्या ओंजळीत चार टाकायच्या, ती रसाची फुलं चोखत तू डोंगर चढायचीस. हे तू मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलंस. तेवीस वर्षं तू त्या डोंगरांत काम केलंस आणि मला माहीत होते ते फक्त किलोमीटर.

हा वाद आपण मिटवला नाही. दर वर्षी पहिल्या कपाला तो पुन्हा निघायचा. एका वर्षी मी खरोखर अर्धा किलो जाम घेऊन आलो होतो, आळीपाळीने जाम आणि चहा, असा प्रयोग करायला. तू दोन घोट घेतलेस, तीन जाम खाल्लेस आणि म्हणालीस, जाम चांगले आहेत.

तुझ्या चिमटीचंही मला सांगायचं आहे. तू तराजू बाजूला सारायचीस आणि चिमटीने पानं टाकायचीस. मला ते बघवायचं नाही. एकदा मी तुला दहा वेळा चिमूट घ्यायला लावली आणि प्रत्येक वेळी वजन केलं. सगळ्यांत कमी दोन पूर्णांक चार, सगळ्यांत जास्त दोन पूर्णांक सहा. माझ्याकडे काटे घेऊन येणारे निम्मे दुकानदार एवढे अचूक नसतात. मी आकडे कागदावर लिहिले आणि कागद खिशात घातला. तू विचारलंस, किती? मी म्हटलं, बरं आहे. फक्त एवढंच म्हटलं. तो कागद अजून आहे.

मला कौतुक करता आलं नाही कधी. आणि खोटंही बोलता आलं नाही. तुझ्या बाबतीत तरी, एक अपवाद सोडून.

त्या अपवादाआधी एका काट्याचं सांगतो. तू नोकरीत होतीस आणि मी दुकानात नवा होतो. तू तान्ह्या मुलांना टांगून वजन करायचा स्प्रिंगचा काटा घेऊन भर दुपारच्या बसने आलीस. म्हणालीस, हा कमी दाखवतोय, बघ. मी त्याला एक किलो लावलं, दोन लावलं, पाच लावलं. पुन्हा उतरत्या क्रमाने लावलं. काटा बरोबर होता. मी तुला अगदी आनंदाने सांगितलं, ताई, काटा चोख आहे. तू बाकावर बसून राहिलीस. मी पाणी दिलं ते तू घेतलं नाहीस. थोड्या वेळाने म्हणालीस, "बाळ्या, एकदा तरी चुकत जा रे." आणि काटा पिशवीत घालून परतीच्या बसला गेलीस. तू कुठल्या बाळाचं वजन करून आली होतीस ते मी विचारलं नाही. पुढे कधीच विचारलं नाही.

आता अपवाद.

पहिलं पाकीट मोखाड्याच्या पावसात वाया गेलं होतं. उघडं पाकीट तू फळीवर ठेवलंस आणि श्रावणापर्यंत त्याला नुसता ओलसर भिंतीचा वास यायला लागला. मी तुला बोललो. बरंच बोललो. दुसऱ्या वर्षी पाकीट आल्यावर आपण मे महिन्यात थोडा चहा प्यालो आणि उरलेला मी माझ्या ताब्यात घेतला. जव्हारला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आहे, औषधांच्या बाटलीतली ओल शोषणारी पुडी त्यात टाकतो, कोरड्या कपाटात ठेवतो, भाऊबीजेला उघडू, असं तुला सांगितलं. तू म्हणालीस, ने बाबा.

डबा घेतला तो तुझ्या भावजयीने, सुनीताने, एप्रिलपर्यंत सुकी मोहाची फुलं ठेवलेला. फुलं संपली होती, डबा रिकामा होता. मी तो धुतला नाही. विचार करूनच धुतला नाही. झाकणाच्या दुमडीत पाण्याचा अंश राहतो आणि चहाला तेवढी ओल पुरते, असा माझा हिशेब. कोरड्या फडक्याने तीनदा पुसला. चहा भरला, पुडी टाकली, झाकणाला बाहेरून चिकटपट्टी लावली. पाच महिने एकदाही उघडला नाही.

भाऊबीजेला तुझ्या स्वयंपाकघरात मी झाकण काढलं आणि मला कळलं. वासाला वजन नसतं, म्हणून मी तो धरलाच नव्हता. मनुका उन्हात टाकल्यावर येतो तसा गोड, जड वास. चहाचा स्वतःचा वास त्याच्या खाली होता, पण खाली. मी तुला सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू ओवाळायचं तबक ठेवून आत आलीस, डब्यावर वाकलीस आणि तिथेच पाटावर बसलीस.

"आला की नाही मोह?" म्हणालीस. "बाळ्या, आला की नाही?"

तुझा चेहरा मी तसा फार वेळा पाहिला नव्हता. तू त्या दिवशी तीन कप प्यालीस. तिसऱ्या कपाला तुझे डोळे भरून आले होते आणि तू ते पुसलेही नाहीस. म्हणालीस, सगळ्या वाटा आठवल्या रे. शेजारच्यांना बोलावून पाजलास. डॉक्टरांना फोन करून सांगितलंस की तुमच्या चहात आमचा मोह निघाला, हा माझा भाऊ मानत नव्हता. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला म्हणालीस, हरलास. मी म्हटलं, हरलो.

मी ते का सांगितलं नाही? तुझा आनंद मोडायचा नव्हता, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की तीनदा पुसून, पुडी टाकून, पट्टी लावूनही मी चुकलो होतो, आणि ते मला तुझ्यापुढे म्हणायचं नव्हतं. पाकीट वाया घालवलंस म्हणून ज्या तुला मी बोललो होतो, त्या तुझ्यापुढे.

त्यानंतरची तीन वर्षं तू चहा माझ्याकडे दिला नाहीस. मीच कोरडा ठेवीन म्हणालीस आणि ठेवलास. दर वेळी मी आलो की कप पुढे करायचीस आणि पहिल्या घोटानंतर म्हणायचीस, चांगला आहे, पण त्या वर्षीची चव नाही रे. तुला काय वाटतं, का नसेल आली?

आणि मी उत्तरं द्यायचो. ताई, मी काय काय उत्तरं दिली. यंदा तिकडे थंडी लांबली असेल. तोड आठवडाभर उशिरा झाली असेल. मळा वेगळा असेल. एकदा तर मी पाणी किती अंशांवर उकळतं तेही सांगितलं. आपण उंचावर आहोत म्हणून शंभरच्या थोडं आधीच उकळतं, त्याने फरक पडत असावा. तू प्रत्येक उत्तर नीट ऐकून घ्यायचीस. "असं होय," म्हणायचीस. मला वाटायचं, पटलं तुला.

शेवटी नाशिकच्या दवाखान्यातही तू तेच विचारलंस. आवाज राहिला नव्हता, मी कान जवळ नेला. म्हणालीस, त्या वर्षी डबा कुठला वापरला होतास रे? एवढा सरळ प्रश्न तू आधी कधी केला नव्हतास. आणि मी म्हटलं, "साधाच. घरातला." तू डोळे मिटलेस. किंचित हसलीस असं मला वाटलं, पण त्यावर मी पैज लावणार नाही. औषधाची वेळ झाली म्हणून मला बाहेर काढलं. नंतर तू फारसं बोलली नाहीस.

पाकीट घ्यायला मोखाड्याला आलो त्याच दिवशी तुझं घर उघडलं. दिवस झाल्यावर आवराआवर करायची राहिली होती. धान्याचे डबे बघून किडीचं काय ते काढायचं, एवढ्याचसाठी स्वयंपाकघरात गेलो. मिठाच्या बरणीमागे दोन डबे होते. एकसारखे, पावशेराचे. दोन्हींवर तुझ्या दवाखान्याच्या सवयीची पांढरी चिकटपट्टी, त्यावर निळ्या पेनाने नाव. एकावर 'बाळू'. दुसऱ्यावर 'मी'.

'बाळू' उघडला. गेल्या वर्षीचा चहा, निव्वळ, कशाचाही वास न लागलेला. मला जसा हवा तसा.

'मी' उघडला. आत चहा थोडाच होता आणि त्यावर एक मलमलची पुरचुंडी. दोऱ्याने बांधलेली, गाठही तुझीच, जखमेवरच्या पट्टीला मारायचीस तशी. सोडायची गरज नव्हती. वास खोलीभर झाला होता.

मी तसाच ओट्यावर येऊन बसलो. समोरून लखमी आली. तुझ्या शेवटच्या काही वर्षांत तुझं पाणी-लाकूड बघणारी, पाड्यावरून येणारी. तिची दोन्ही मुलं तुझ्या हातावर जन्मली, तेवढं मला माहीत होतं. तिच्या हातात पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं. माझ्यापुढे ठेवून ती पायरीवर बसली. म्हणाली, सिस्टरांची फुलं. या साली वेचली तेव्हा त्यांचा वाटा काढून ठेवला, मग कळलं सिस्टर गेल्या. आता कुणाला देऊ, म्हणून घेऊन आले.

मी विचारलं, कधीपासून नेत होत्या? तीन सालं, म्हणाली. पहिल्यांदा मागितली तेव्हा तिने थट्टा केली होती, सिस्टर, आता तुम्ही पण दारू गाळणार काय? तर तू हसली होतीस आणि चहाच्या डब्यात ठेवते म्हणालीस. भावाने एकदा चुकून केला होता तसला, असं तिला सांगितलं होतंस.

म्हणजे तुला माहीत होतं.

"मी त्यांना इचारला," लखमी सांगत होती, "का भाऊला सांगत का नाही तुमाला समजला म्हणून. त बोलल्या, तो सांगल. सांगल तवा त्याला बी माझे डब्यातला देईन."

घरी येऊन सुनीताला विचारलं. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला होता, कुठला डबा दिलास म्हणून. मी सांगितलं, मोहाचा. मग म्हणाल्या, त्याला बोलू नकोस. मी तिला म्हटलं, आणि चार वर्षं तू बोलली नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही बोललात का?" आणि तवा पालथा घातला. ही बाई तुझ्या चहाला गरम पाणी म्हणायची, तुला माहीत आहे. मोखाड्याहून परतल्यावर मी तिच्याकडे चहा मागायचो, तेव्हा विचारायची, तिकडे काय अंघोळ करून आलात? त्या दिवशी तिने न मागता कप पुढे ठेवला आणि दुकानात निघून गेली.

म्हणजे तीन वर्षं तू मला दार उघडून देत होतीस. का नसेल आली, का नसेल आली. आणि मी तुला दार्जिलिंगच्या थंडीची कारणं देत होतो.

पण ताई, हे सगळं सोसवलं असतं. यानंतरचं मला सोसवत नाही, आणि ते मी स्वतःच्या हाताने काढलं.

मी दोन्ही डबे दुकानात नेले आणि वजन केलं. दुसरं काय करणार. रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं. तुझ्या डब्यात आठ ग्रॅम उरला होता. माझ्या डब्यात पस्तीस.

पाकीट शंभर ग्रॅमचं. तू ते बरोबर अर्धं केलं असणार, तुझी चिमूट मला माहीत आहे. पन्नास तुझा, पन्नास माझा. मी आलो की आपण दोघं माझ्याच डब्यातला प्यायचो, तुझा तू मला दाखवतच नव्हतीस. दोन कप, पाच ग्रॅम. पन्नासातून पस्तीस गेले, पंधरा राहतात. पंधरा म्हणजे तीन वेळा.

मी पुन्हा वजन केलं. काटा बदलून केलं. मग आठवून पाहिलं. मे महिन्यात पाकीट आलं तेव्हा. भाऊबीजेला. आणि संक्रांतीनंतर तुझ्या नळाची तोटी बसवायला आलो तेव्हा. चौथी वेळ आठवेना. चौथी वेळ नव्हतीच.

मी लोकांना सांगायचो, मोखाड्याला माझं सारखं जाणं असतं. पंचवीस किलोमीटर, बसने तासभर, जीप मिळाली तर त्याहून कमी. मला खरंच वाटायचं मी सारखा जातो. आणि तू वर्षाच्या सुरुवातीलाच दहा वेळचा चहा माझ्या नावाने बाजूला काढून ठेवला होतास. त्यातला सात वेळचा तसाच. तुझा संपत आला तरी तू त्याला हात लावला नाहीस. शेवटच्या महिन्यांत तू तुझा उरलासुरला पुरवून पुरवून पीत होतीस आणि शेजारी पस्तीस ग्रॅम भरलेला होता.

काटा चोख आहे, ताई. त्या दिवशी तू बाकावर का बसून राहिली होतीस ते मला आता कळलं.

घराचं काय करायचं, असं सगळे विचारतात. भाड्याने द्या म्हणतात, दाराला लोक येऊन गेले. मी सांगितलं, दिवाळीनंतर बघू. किल्ली माझ्याकडे आहे. सहाव्या पाकिटाचे मी दोन भाग केले, पन्नास-पन्नास. एका भागात लखमीची फुलं ठेवली आहेत. मलमल तुझीच, फक्त गाठ मला तशी जमली नाही. तो डबा भाऊबीजेला उघडेन. दुसरा भाग, डॉक्टर सुट्टीवर येतील तेव्हा त्यांच्यासमोर.

पण त्याआधी जुना आहे. माझ्या वाट्याचा पस्तीस ग्रॅम. वर्ष होऊन गेलं, निम्मा वास उडालाय, पण तो माझा राहिलेला आहे आणि तो मी जव्हारला बसून पिणार नाही.

काल रविवार होता. सकाळच्या बसने आलो. खिडक्या उघडल्या, ओटा झाडला, स्टोव्हला हवा भरली. पाणी उकळल्यावर खाली उतरवून थांबलो. 'बाळू'मधला पाच ग्रॅम घेतला, दोन कप गाळले, एक तुझ्या पाटापुढे ठेवला. रंग अजून तोच आहे, पितळी. लखमी जळण टाकायला आली होती, तिने दोन कप पाहिले आणि मागच्या मागे गेली. मी घोट घेतला. आधी पाणी, मग तुरट, मग जाम. अगदी पुसट, पण जाम. मी ते तुला मोठ्याने सांगितलं. आणि सवयीने मी थोडा थांबलो, तू "फूल म्हण, फळ म्हण" असं काहीतरी बोलशील म्हणून.

मग तू विचारायचीस ती वेळ आली. पहिल्या कपानंतरची. त्या वर्षीची चव का नसेल आली?

मी म्हटलं, "ताई, डबा मोहाचा होता. मी धुतला नाही. चुकलो."

एवढंच होतं. चार वर्षं वजन वाटत होतं त्याचं, आणि म्हणायला चार सेकंदही लागले नाहीत.

तुझ्या पाटापुढचा कप गार झाला होता. तो मी गवती चहाच्या मुळाशी ओतला. मग पुन्हा पाणी ठेवलं, आणि 'मी' लिहिलेल्या डब्याचं झाकण काढलं. तू देईन म्हणाली होतीस म्हणून. चिमटीने एक चिमूट घेतली आणि टाकली.

ती चव मी त्या भाऊबीजेला घेतलीच नव्हती, ताई. त्या दिवशी मी फक्त माझी चूक प्यालो होतो. काल पहिल्यांदा प्यालो. घोट खाली उतरला आणि मग मागून मोह आला, ऊन लागलेला, आणि त्याच्याही मागे हलकं, पाणीदार दुसरं काहीतरी, जे तुझं की माझं ते मी सांगू शकत नाही. तू समोर असतीस तर पाऊण तास गेला असता यावर.

कप विसळून पालथे ठेवले. खिडक्या लावल्या. माझ्या डब्यात तीस ग्रॅम उरला आहे, म्हणजे सहा वेळचा.

पुढच्या रविवारी येतो.